बाराच्या आधीचं इंग्रजी

नाडगौडा सरांनी मला खुर्चीवर बसायला सांगितलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. मुख्याध्यापकांपुढे आम्ही नेहमी उभेच. विद्यार्थ्याला खुर्ची देणाऱ्या माणसाला त्याच्याकडून काहीतरी हवं असतं, एवढं मला सोळाव्या वर्षीही कळत होतं.

दुपार होती, म्हणून बोलणं इंग्रजीत चाललं होतं.

“हौसा, उद्या संस्थापक दिन. मुंबईचे विश्वस्त येणार आहेत. मिस टॅपलीही असतील. त्यांच्यासमोर मी तुला चार प्रश्न विचारणार आहे. तू घाबरणार नाहीस ना?”

“मी कशाला घाबरू, सर?”

“म्हणूनच तुला निवडलं.” सर खूश झाले. मग आवाज उतरवून म्हणाले, “हे बघ, पुढच्या आठवड्यापासून शाळेचे दोन भाग होतील. इथे वर इंग्रजी शाळा. सकाळ, दुपार, सगळं इंग्रजी. आणि खाली ओढ्याजवळची बटाट्याची वखार आहे ना, तिथे मराठी शाळा. गावची मुलं तिथे बसतील. त्यांना इंग्रजी झेपत नाही, उगाच ओढाताण होते.”

“मीही गावचीच आहे, सर.”

“तू वर राहशील. विश्वस्तांना तेच दाखवायचं आहे. गावातलं एखादं मूल हुशार असलं, तर आपण त्याला अडवत नाही. फक्त तू नीट इंग्रजीत उत्तरं दे.”

“आणि माझी बहीण? ठकू?”

“ती लहान आहे. खालीच बरी.”

मी विचारलं, कार्यक्रम किती वाजता. सर म्हणाले, सकाळी अकराला, पाहुण्यांना जेवायच्या आत घाट उतरायचा आहे.

“पण सकाळी तर...”

“त्याच रीतीचा तर उद्या निकाल लावायचा आहे,” सर म्हणाले, आणि उठले. म्हणजे मीही उठायचं.

आता ही रीत सांगते. आमची शाळा टॅपली नवरा-बायकोनं काढलेली, हेन्री आणि मार्था. इंग्रज म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे टोपीवाला कलेक्टर उभा राहतो. हे त्यातले नव्हते. हेन्री विलायतेत दगडी कुंपणं रचणारा गवंडी. कॉफीच्या मळ्यावर काम मिळेल म्हणून बायकापोरांसकट आला, मळ्यावर रोग पडला, मालक निघून गेला, आणि याला परत न्यायला कोणी आलं नाही म्हणून हा आमच्या पाथरवाडीच्या वरच्या डोंगरावर राहिला. त्याच्या पोरांना शाळा नव्हती, गावच्या पोरांनाही नव्हती. त्यानं दोघांना एका व्हरांड्यात बसवलं. तेव्हापासून नियम एकच. बाराच्या घंटेपर्यंत मराठी, घंटेनंतर इंग्रजी. वर्गात, मैदानावर, भांडणात, तापानं फणफणलेलं असताना सुद्धा. घंटा झाली तेव्हा वाक्य अर्ध्यात असलं, तर उरलेलं अर्धं इंग्रजीत. सबनीस गुरुजी भूमितीला “म्हणून हे दोन कोन” एवढं म्हणायचे, घंटा व्हायची, आणि “आर ईक्वल” म्हणून खडू खाली ठेवायचे. बाहेरच्यांना हा वेडेपणा वाटे. आम्हाला त्यात काहीच वेगळं वाटत नसे.

जो चुकेल त्यानं झऱ्यावरून स्वयंपाकघरात एक बादली पाणी आणायचं. मग तो पहिलीतला असो, मुख्याध्यापक असो नाहीतर पाहुणा. बादली माझ्या आईच्या ताब्यात असे. आई शाळेत भाकऱ्या थापायची. दुपारी तिलाही इंग्रजी बोलावं लागे, आणि ‘टेक’, ‘सिट’, ‘नो मोअर’ आणि ‘गो’ एवढ्या शब्दांवर तिनं अख्खं बोर्डिंग धाकात ठेवलं होतं. सकाळी मुंबईहून आलेली बोर्डिंगची पोरं चाचपडायची. सोली म्हणून माझ्या वर्गात एक पारशी मुलगा होता, तो सकाळी तोंड उघडायचा आणि आम्ही गावची पोरं पोट धरून हसायचो. दुपारी हसायची पाळी त्याची. हे इतकं फिट्टंफाट होतं की कोणाला कोणाचा राग येत नसे.

संध्याकाळी डोंगर उतरताना आईनं विचारलं, “नाडगौड्यानं कशाला बोलीवलं हुतं?”

मी सगळं सांगितलं. ती चालायची थांबली नाही.

“म्हंजी तू वर, आनि ठकी खाली.”

“हं.”

“तू काय म्हनलीस?”

“काहीच नाही.”

“मंग उद्या काय म्हननार?”

“तूच सांग ना, आये.”

“मी सांगून तू कवा ऐकलंस?” आई म्हणाली, आणि झपझप पुढे चालायला लागली.

खोटं कशाला सांगू, मला वर राहायचं होतं. मॅट्रिक व्हायचं आणि पुण्याला जाऊन मास्तरीण व्हायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आमच्या गावातली एकही पोरगी तोवर मॅट्रिक झालेली नव्हती. उद्या चार वाक्यं इंग्रजीत बोलले की माझं काम फत्ते, आणि चार वाक्यं तर मी डोळे मिटून बोलले असते. पण घरी आले तर ठकू चुलीपुढे बसून दुसऱ्या दिवशीच्या गाण्यातली इंग्रजी ओळ घोकत होती. चुकली की स्वतःच स्वतःच्या डोक्यात टपली मारत होती. मला तिच्याकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी सभागृहात सगळी शाळा बसली. व्यासपीठावर मुंबईचे दोन विश्वस्त, नाडगौडा सर, आणि मध्ये मिस टॅपली. ही हेन्री-मार्थाची धाकटी मुलगी. सत्तरी उलटलेली. शाळेमागच्या घरात एकटी राहायची. तिच्या मराठीला आमच्या गावचा हेल होता, आणि बाजाराच्या दिवशी ती वांग्यांवरून असा वाद घालायची की माळीण हात जोडायची. माझी सगळी भिस्त तिच्यावर होती. रीत अजून जिवंत आहे हे तिच्या डोळ्यांना दिसलं की ती सरांचा बेत मोडून काढील, असं मी रात्रभर मनाशी घोकलं होतं. तिच्या आईबापांचीच रीत ना ती!

सरांनी भाषण सुरू केलं, तेही इंग्रजीत. अकरा वाजता! बसलेल्या पोरांत खसखस पिकली. काहीजणांनी माना वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. सरांनी तिकडे लक्षच दिलं नाही. नवा काळ, नवी शाळा, मुंबईच्या पालकांची अपेक्षा, असं बरंच बोलून झाल्यावर त्यांनी मला पुढे बोलावलं आणि विश्वस्तांना माझी ओळख करून दिली. जवळच्या खेड्यातली मुलगी, आई आपल्याच स्वयंपाकघरात काम करते, वगैरे.

मग त्यांनी इंग्रजीत विचारलं, “सह्याद्रीतल्या मोठ्या नद्या पूर्वेकडे का वाहतात?”

मी मराठीत सांगितलं, “पठाराचा उतार पूर्वेकडे आहे, सर. कृष्णा पश्चिमेच्या समुद्रापासून एवढ्या जवळ उगम पावते, पण उतारामुळे तिला उलट्या बाजूचा समुद्र गाठावा लागतो.”

सर हसले. मला वाटतं, त्यांना वाटलं मी गोंधळले.

“इंग्रजीत, हौसा.”

“बाराची घंटा व्हायची आहे, सर.”

त्यांचं हसू तिथेच राहिलं, पण डोळे बदलले. त्यांनी दुसरा प्रश्न टाकला. बर्फ पाण्यावर का तरंगतो. मी मराठीत सांगितलं. तिसरा टाकला. ग्रहण कसं लागतं. तेही मराठीत सांगितलं, आणि हाताच्या मुठी करून पृथ्वी-चंद्र दाखवले.

विश्वस्तांपैकी जाडे गृहस्थ सरांकडे वळून इंग्रजीत म्हणाले, “हिला इंग्रजी समजतं तरी का?”

मी त्यांनाच मराठीत म्हटलं, “समजतं की, साहेब. प्रश्न इंग्रजीतच होते ना? समजले नसते तर उत्तरं कुठून दिली असती?”

पोरं हसली. गृहस्थही हसले असते, पण सरांची मान लाल झालेली बघून त्यांनी हसू आवरलं.

“बस खाली,” सर म्हणाले, आणि विश्वस्तांना म्हणाले, “पाहिलंत? गावातल्या सर्वांत हुशार मुलीची ही तऱ्हा. बाकीच्यांची कल्पना करा.” मग त्यांनी सोलीला उभं केलं आणि नद्यांचाच प्रश्न त्याला विचारला. सोलीचं इंग्रजी म्हणजे लोण्यासारखं. त्यानं माझ्याकडे बघितलं, सरांकडे बघितलं, आणि आपल्या मराठीत म्हणाला, “सर, घंटा नाय झाला अजून.”

सभागृहात असा हशा आणि टाळ्या झाल्या, की सरांना टेबलावर हात आपटावा लागला. माझा जीव सुपाएवढा झाला. आता मिस टॅपली उठतील, मला वाटलं. आणि त्या उठल्या.

त्यांनी टेबलाचा आधार घेतला.

“मुलांनो,” त्या म्हणाल्या, “माझ्या आईवडिलांचा काळ वेगळा होता.”

हे त्या इंग्रजीत म्हणाल्या.

मला आधी वाटलं, माझीच ऐकण्यात चूक झाली. पण त्या बोलत राहिल्या, इंग्रजीतच. मुंबईचे पालक सकाळच्या मराठीला तयार होत नाहीत. बोर्डिंगच्या खोल्या रिकाम्या पडायला लागल्या आहेत. एक शाळा बंद पडण्यापेक्षा दोन शाळा चालणं चांगलं. मिस्टर नाडगौडांनी हे सगळं त्यांना समजावून सांगितलं आहे. आणि शेवटी, “मी आता थकले आहे.”

म्हणजे सह्या करण्याआधीच त्यांचं ठरलेलं होतं. मग राग आला. सरांचा मला राग नव्हता, ते बाहेरचे होते, त्यांना काय माहीत. पण ही बाई आमच्या झऱ्याचं पाणी पिऊन वाढलेली. माझ्या पणजीला हिनं मावशी म्हटलेलं. मला बसायला सांगितलेलं होतं, तरी मी उभीच होते.

“बाई,” मी म्हटलं, “घंटा व्हायची आहे अजून.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यांचा चेहरा गळ्यापासून वर लाल होत गेला.

“हिला बाहेर काढा!” सर ओरडले, अर्थात इंग्रजीत.

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं. आई आली. हाताला पीठ, पदर खोचलेला, आणि हातात बादली. ती दोन्ही रांगांच्या मधून सरळ चालत गेली, व्यासपीठाची पायरी चढली आणि मिस टॅपलींच्या पायांशी बादली ठेवली.

“बाई, ही तुमची,” ती म्हणाली. मग सरांकडे वळली. “तुमच्या किती झाल्या सायेब, त्ये मी मोजायचं सोडून दिलं.”

कोणी हसलं नाही. मिस टॅपली बादलीकडे बघत होत्या. त्यांचा हात थोडा पुढे आला. मला वाटलं, उचलतात. देवाशपथ वाटलं. मग त्यांनी हात मागे घेतला आणि खुर्चीत बसल्या.

बादली तिथेच राहिली. विश्वस्तांनी जेवायच्या आत सह्या केल्या आणि त्यांची मोटार घाट उतरून गेली. त्या दिवशी बाराची घंटा कोणी दिली नाही. आईला सरांनी उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं. आई म्हणाली, “भाकरी कुटं बी थापता येती,” आणि परात धुऊन पालथी घातली.

आम्ही तिघी डोंगर उतरलो. ठकू पुढे पळत होती. तिला काही कळलं नव्हतं, गाणं झालं नाही म्हणून ती रुसली होती. माझ्या डोळ्यांतलं पाणी खळत नव्हतं.

“त्यांचीच रीत होती, आये,” मी म्हटलं. “त्यांनीच मोडली. आपण काय करणार?”

“कुनी सांगितलं, त्येंची हुती?”

“शाळेच्या दारावरच्या दगडात कोरलंय की. हेन्री टॅपली यांनी हा नियम घालून दिला.”

“कोरनारा त्योच गवंडी!” आई फिसकन हसली. मग एका दगडावर टेकली आणि मलाही शेजारी बसवलं. “ऐक. मार्थाबाई नवी आली तवा झऱ्यावर यायची. तिला ना आपलं बोलनं यायचं, ना कुनी तिला पानी भरू द्यायचं. माज्या आजेसासूनं तिला अडीवलं. म्हनली, सकाळच्याला हितं आमचं बोलायचं. चुकलीस का आमची घागर तू व्हायची. तर ती मडम बी खमकी. हातवारं करून म्हनली, मंग दुपारच्याला माज्या वट्यावर माजं बोलायचं. चुकलात का माजं पानी तुमी भरायचं. दोगी बी हसल्या. अर्धा दीस तू येडी, अर्धा दीस मी येडी. आसं ठारलं त्येंचं. शाळा मागनं आली.”

“हे तू मला आधी का नाही सांगितलंस?”

“आदी ती कुनी मोडली न्हवती.”

मी उठले. अर्धा दिवस एकानं वेडं व्हायचं, अर्धा दिवस दुसऱ्यानं. नाडगौडा सरांना नेमकं तेवढंच नको होतं. त्यांना वर काहीजण कायमचे शहाणे हवे होते आणि खाली काहीजण कायमचे वेडे, आणि मधे पायऱ्या.

आठवड्यानं वखारीत शाळा भरली, आणि मीही ठकूबरोबर खालीच गेले. अजून बटाट्यांचा वास जात नव्हता. आम्हाला एक नवे मास्तर दिले होते, बिचारे भले होते, पण सगळे वर्ग एकाच खोलीत, त्यांना कुठे पुरं पडणार? त्यांनी लहान पोरं माझ्यावर सोपवली. पहिल्या दिवशी ऊन उंबऱ्याला टेकलं, म्हणजे बारा झाले, तशी मी मराठीतलं वाक्य अर्ध्यात सोडलं आणि उरलेलं इंग्रजीत पुरं केलं. पोरं माझ्या तोंडाकडे बघत राहिली. वर आपल्याला हे बंद केलंय, एवढं त्यांनाही कळलेलं होतं. मग ठकूनं इंग्रजीत पाणी प्यायला जायची परवानगी मागितली. तिचं बघून दुसऱ्यानं मागितली. तहान कोणालाच नव्हती, पण एकेक करून सगळी पोरं पाणी पिऊन आली. मास्तर कोपऱ्यातून बघत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तेही इंग्रजी बोलले, जमेल तसं, आणि चुकल्यावर माझ्याकडे बघून हसले. सोली आणि त्याच्या खोलीतले दोघं सुट्टीच्या सकाळी कुंपण ओलांडून यायला लागले. मराठी विसरायला होतंय, म्हणायचे.

असे बरेच दिवस गेले. एका दुपारी मी पोरांना एक गोष्ट सांगत होते, इंग्रजीत, आणि दारात सावली पडली. नाडगौडा सर होते. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. पोरं उठून उभी राहिली आणि एका सुरात त्यांना “गुड आफ्टरनून, सर” म्हणाली.

“हौसा,” ते मराठीत म्हणाले. मराठी शाळा म्हणून मराठीत बोलले असतील. “जरा बाहेर ये.”

मी दारापर्यंत गेले.

“मिस टॅपलींना फार लागून राहिलंय. त्या म्हणतात, त्या मुलीला वर घ्या. मीही म्हणतो, झालं गेलं गंगेला मिळालं. तुझं मॅट्रिकचं वर्ष आहे. या अंधारात बसून तू पास होणार आहेस का? उद्यापासून वर ये. तुझी जागा तशीच आहे.”

माझ्या मागे पोरं अजून उभीच होती. ठकूनं माझ्या परकराचं टोक धरलं होतं. खरं सांगते, त्या क्षणी सुद्धा मला वरच्या शाळेचा बंगला डोळ्यांपुढे दिसला. उंच खिडक्या, प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळ्या, माझा बाक.

“आणि ह्या सगळ्यांचं?” मी इंग्रजीत विचारलं.

“त्यांचं बघू पुढे. तू एकटी ये.”

ते अजून मराठीतच बोलत होते. मी त्यांना इंग्रजीत उत्तर दिलं, अगदी सावकाश, माझ्या मागे उभ्या पहिलीतल्या पोरालाही समजेल असं.

“सर, आत्ता इंग्रजीचा तास चालू आहे. बसणार असाल तर मागे जागा आहे. बसणार नसाल, तर जाताना दार ओढून घ्या.”

सर उंबऱ्याबाहेर झाले. मग त्यांनी दार ओढून घेतलं. मी वळले आणि पोरांना खाली बसायला सांगितलं.

त्या वखारीतून मी मॅट्रिक झाले. पुण्याला गेले, मास्तरीण झाले आणि वखारीतच परत आले. ठकूही मॅट्रिक झाली, ठकूच्या मागची पोरं झाली. वरच्या शाळेचं पुढे काय झालं, असं लोक मला अजून विचारतात. मला माहीत नाही. मी बघायला गेले नाही.